सातवा बदली खेळाडू

"पाय हलवू नका," सातवा म्हणाला आणि त्याने करवत पुन्हा सुरू केली. तिच्या घरघरीत ॲम्ब्युलन्सवाल्याचे वाक्य मधोमध कापले गेले. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या त्या प्लास्टरच्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत रोज वाद रंगायचा आणि रोज तो असाच तुकड्यातुकड्यांनी ऐकू यायचा. करवत थांबली की शब्द, शब्द थांबले की करवत. टेबलावर आज शिडीवरून पडलेला एक रंगारी होता. गुडघ्यापर्यंत बंदिस्त झालेला त्याचा पाय कित्येक आठवड्यांनी उजेडात यायचा होता. ही करवत कातडीला इजा करत नाही, हे पुन्हापुन्हा ऐकूनही तो छताकडे बघत श्वास रोखून पडला होता.

करवत थांबली. ॲम्ब्युलन्सवाल्याने डबा बाजूला सारला.

"तर मी काय म्हणत होतो, फ्रेंडली मॅच म्हणजे पेशंट नसताना सायरन वाजवत गाडी पळवणं. रस्ता मोकळा होतो, लोक बाजूला सरतात, आणि आत कोणीच नाही."

"आणि कोणाचा पाय मोडला की पेशंट मिळतो," एक्स-रेवाला म्हणाला. "म्हणजे आपलं तिघांचंही काम निघतं."

वाद शनिवारच्या सामन्याचा होता. राष्ट्रीय संघ याच शहराच्या मैदानावर एका परदेशी संघाशी मैत्रीपूर्ण सामना खेळणार होता. चारच दिवसांनी शहराच्या क्लबची लीगमधली निर्णायक लढत होती आणि क्लबचे तीन भरवशाचे खेळाडू महासंघाने या सामन्यासाठी उचलले होते. पाहुणे आपला दुय्यम संघ पाठवणार होते, तिकिटे मात्र अव्वल दराची होती. पूर्व गॅलरीचे लोक, म्हणजे उन्हातान्हात घसा फोडून ओरडणारे क्लबचे खरे समर्थक, भडकले होते. त्यांच्या म्होरक्याने एक तोड काढली होती आणि संध्याकाळच्या बैठकीत ती मंजूर व्हायची होती. सगळ्यांनी तिकीट काढून यायचे, आपापल्या जागी उभे राहायचे, आणि सुरुवातीची शिट्टी वाजली की मैदानाकडे पाठ फिरवायची ती शेवटच्या शिट्टीपर्यंत. गॅलरी रिकामी राहिली तर महासंघ हवेला बोल लावू शकतो, पाठींना लावू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

"मीही पाठ फिरवायच्या बाजूचा," रंगारी पडल्यापडल्या म्हणाला. "पण आधी उभं राहता आलं पाहिजे."

सगळे हसले. मग एक्स-रेवाल्याने सातव्याला विचारले, तुझे काय. सातव्याने चिमट्याने प्लास्टरच्या दोन्ही कडा हळूच फाकवल्या. आतला पाय पांढुरका, रोडावलेला, स्वतःलाच अनोळखी झाल्यासारखा दिसत होता.

"मी सामना बघणार," तो म्हणाला.



"तू बघणारच म्हणा," ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला. "तुझं बारसंच फ्रेंडलीत झालंय." त्याच्या बोलण्यात डंख नव्हता. वापरून वापरून त्या थट्टेची धार केव्हाच गेली होती, उरले होते ते तिचे वजन.

सातवा हे त्याचे नाव नव्हते, पण खरे नाव हाक मारायला आता घरातही कोणी वापरत नव्हते. तरुणपणी तो क्लबचा डावा बचावपटू होता. धिप्पाड नव्हता, वेगवान नव्हता. जिथे असायला हवे तिथे असायचा, एवढीच त्याची ख्याती. एकदा राष्ट्रीय संघातला कोणी तापाने पडला आणि त्याला बोलावणे आले. सामना मैत्रीपूर्ण होता, याच मैदानावर होता. शेवटची दहाबारा मिनिटे उरली असताना प्रशिक्षकाने बाकाकडे वळून त्याच्याकडे बोट केले. चौथ्या पंचाने फलक उंचावला. तो रेषेपाशी उभा राहिला आणि त्या क्षणी, त्याला नंतर आयुष्यभर वाटत राहिले, जगातला सगळा उजेड त्या चुन्याच्या रेषेच्या पलीकडे साठलेला होता. तो आत गेला. चेंडू त्याच्याकडे मोजकाच आला. एकदा त्याने तो डोक्याने बाहेर काढला, एकदा पाहुण्यांच्या उजव्या आघाडीपटूच्या पायातून स्वच्छ काढून घेतला. सामना संपला, आणि संघ एका गोलने जिंकला.

महिनाभराने कळले की सामना बाद झाला आहे. अशा सामन्यात एका संघाला सहाच बदल करता येत, आणि आपल्या प्रशिक्षकाने सात केले होते. मध्यंतराला त्याने गोलकीपर बदलला होता आणि गोलकीपरला त्याने मोजलेच नव्हते. खेळाडू वेगळे आणि गोलकीपर वेगळा, अशी त्या जुन्या माणसाची आयुष्यभराची मोजदाद होती. हिशेब बोटांवर झाला होता आणि बोटे चुकली होती. एका माणसाने रेषा ओलांडली आणि तिच्या आतली ती सबंध दुपार अमान्य झाली. त्या दुपारी विजय होता, घाम होता, आणि एक गोल होता.

गोल ज्याचा होता त्याला सगळे कप्तान म्हणत. तोही पुढे राष्ट्रीय संघाकडून फारसा खेळला नाही, आणि पुन्हा गोल तर त्याला करताच आला नाही. आता त्याचे खेळाच्या सामानाचे दुकान होते आणि पूर्व गॅलरीचा म्होरक्या तोच होता. एवढ्या वर्षांत तो सातव्याला एका शब्दाने टोचून बोलला नव्हता. त्याने फक्त त्याला ते नाव दिले होते, आणि नाव ही अशी गोष्ट आहे की एकदा दिले की देणाऱ्याला पुन्हा काही करावे लागत नाही.

बैठक कप्तानच्या दुकानामागच्या गोदामात भरली. हवा न भरलेल्या चेंडूंची पोती भिंतीला लागून रचलेली होती आणि रबराचा कोंदट वास सगळ्यांच्या कपड्यांत शिरत होता. लोक पोत्यांवर, खोक्यांवर, एकमेकांना टेकून बसले होते. बऱ्याच जणांचे हात, पाय, मनगटे सातव्याच्या हाताखालून गेलेली होती. कोणी कोणत्या जिन्यावरून पडले हे त्याला माहीत होते.

वाद आधी सरळ चालला. एका शिक्षिकेचे म्हणणे पडले की मैत्रीच्या सामन्यातच नव्या पोरांना संधी मिळते, एरवी त्यांना कोण उभे करणार. मिशीवाल्या टॅक्सीचालकाने तिला विचारले, बाई, तुमच्या वर्गात मुलांनी सराव परीक्षेत पहिला नंबर काढला तर तुम्ही त्यांना वरच्या वर्गात घालता का. ती म्हणाली, घालत नाही, पण पेपर मात्र तपासते. यावर गोदाम खळखळून हसले आणि घटकाभर वाटले की प्रकरण हसण्यावारी जाईल. मग कप्तान उठला. तो आवाज चढवत नसे. त्याला गरजच पडत नसे.

"ज्याची नोंद नाही, ते झालंच नाही," तो म्हणाला. "हे मी ऐकीव सांगत नाही. या मैदानावर मी देशासाठी गोल केला. कुठे आहे तो? सांगा कोणीतरी."

"जाळ्यात," मागून आवाज आला.

माना वळल्या. सातवा दाराजवळच्या पोत्यावरून उठला होता. आपण उभे राहिलो आहोत हे त्यालाच उशिरा कळल्यासारखे वाटत होते.

"जाळ्यात गेला होता. तू घसरलास आणि पडतापडता डाव्या पायाने मारलास. मी कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी अंग गरम करत होतो. आवाजसुद्धा ऐकला मी त्याचा."

कप्तान त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

"तू आत आलास म्हणून तो गेला."

इतकी वर्षे न बोललेले वाक्य अखेर बोलले गेले, आणि ते इतके लहान निघाले की गोदामातल्या लोकांना कुठे बघावे ते कळेना.

"बोलावलं म्हणून आलो," सातवा म्हणाला. "पुन्हा बोलावलं तर पुन्हा येईन. मला त्याची लाज वाटावी असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. मला नाही वाटत. त्या दिवशी मी खेळलो. तू पण खेळलास. कोणी बाद करो नाहीतर डोक्यावर घेऊन नाचो, शनिवारी जी पोरं पळतील ती खरीच पळतील. त्यांना पाठ नाही दाखवणार मी."

कप्तानने हात वर करायला सांगितले. हात वर झाले, शिक्षिकेचाही झाला, जरा उशिराने. मग त्याने शांतपणे एक गोष्ट जोडली. पूर्व गॅलरीत राहायचे तर गॅलरीसारखे राहायचे. शनिवारी ज्याचे तोंड मैदानाकडे असेल त्याने पुढच्या वेळेपासून दुसरी जागा बघावी. नाव घेतले नाही. तशी जरुरीही नव्हती.

सातवा चालत घरी गेला. पूर्व गॅलरी नसती तर आपल्याजवळ काय उरते याचा तो हिशेब करत होता आणि हिशेब लवकर संपत होता. बाप त्याला खांद्यावर बसवून तिथे घेऊन गेला होता. गुडघा निकामी होऊन क्लबमधून बाहेर पडल्यावर तो मैदानापासून तोंड लपवत हिंडला नव्हता. पुढच्याच रविवारी शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून येऊन उभा राहिला होता, आणि ती जागा मग त्याची झाली होती. लेकीने लग्नाचे पहिल्यांदा त्याच्या कानात सांगितले ते तिथेच, सगळी गॅलरी ओरडत असताना. माणसाला बोलायला कुठेतरी गोंगाट लागतो.

त्याची बायको बस आगारात ध्वनिक्षेपकावरून गाड्यांच्या सूचना देई आणि घरातले तिचे बोलणेही त्याच धाटणीचे झाले होते. आडपडदा नाही, एकच गोष्ट दोनदा. सगळे ऐकून घेतल्यावर ती पाणी प्यायली.

"मग आता दर रविवारी घरी बसणार तुम्ही? माझ्या डोक्यावर?"

"तसंच दिसतंय."

"दिसू दे. दिसू दे." ती उठली, खिडकी लावून घेतली आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही आत गेलात तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. नवीन लग्न होतं, आजूबाजूला सगळे अनोळखी पुरुष, तरी वाजवल्या. त्या आता कोणी परत मागितल्या तर मी द्यायची नाही."

शनिवारी आकाश स्वच्छ होते. हवेला बोल लावायला जागा नव्हती. पूर्व गॅलरी काठोकाठ भरली. सातवा वर शेवटच्या रांगेत आपल्या जागी उभा राहिला. बाजूच्यांनी त्याला वाट दिली, पण खांदा लागू दिला नाही. सगळ्या गॅलरीवर नजर राहावी म्हणून कप्तान वरच आला होता. बरोबर त्याच्या पुढच्या पायरीवर, हाताच्या अंतरावर.

शिट्टी वाजली आणि गॅलरी वळली. हजारएक माणसे एकाच वेळी फिरली तेव्हा काँक्रीटवर पायांचा जो आवाज झाला तो टाळीसारखा नव्हता, धिक्कारासारखाही नव्हता. एखादे अवजड दार लागावे तसा होता. आणि मग जे बैठकीत कोणाच्याच ध्यानात आले नव्हते ते समोर आले. मैदानाकडे पाठ केलेल्या प्रत्येकाचे तोंड आता वर, म्हणजे सातव्याकडे होते. पायरीपायरीने खाली उतरत गेलेले चेहरे, आणि त्या सगळ्यांसमोर एकटा तो. त्याला हसू आले नाही. त्याने त्या चेहऱ्यांच्या वरून पलीकडे, हिरवळीकडे नजर लावली.

मोबाइल खिशातच ठेवायचे ठरले होते. बाकीच्या गॅलऱ्यांचे ओरडणे उठत होते, विरत होते, पण कशाचे ते कळायला मार्ग नव्हता. काही वेळाने लोक त्याच्या चेहऱ्यावर सामना शोधू लागले. त्याच्या भुवया चढल्या की माना ताठ व्हायच्या. तो ओठ आवळायचा तेव्हा दोन पायऱ्या खाली उभा असलेला ॲम्ब्युलन्सवाला डोळ्यांनीच विचारायचा, काय, वाचलो का. सातवा उत्तर देत नव्हता. तो लपवतही नव्हता. जे दिसत होते ते त्याच्या चेहऱ्यावर येत होते, बस.

कप्तान त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. सातव्याच्या शर्टाच्या छातीवरच्या गुंडीवर नजर रोवून उभा होता. मध्यंतर झाले, पुन्हा शिट्टी झाली, ऊन भिंतीवरून कलले. कोणाचा गोल झाला नाही. एक पाहुणा लंगडत बाहेर गेला, आपल्या एकाचा फटका खांबाला लागून परतला, आणि त्या वेळी सातव्याच्या तोंडून जो हुंकार निघाला तो पायऱ्यांवरून थेट खालपर्यंत पोचला.

सामना सरत आला होता. रेषेपाशी चौथ्या पंचाने फलक उचलला. एक सडपातळ खेळाडू तिथे येऊन उभा राहिला. त्याने शर्ट आत खोचला, मग बाहेर काढला, मग पुन्हा आत खोचला. वाकून गवताला हात लावला. सातवा टाळ्या वाजवू लागला. त्या मुक्या गॅलरीत एकट्या माणसाच्या टाळ्या फार उघड्या पडल्या, तरी तो थांबला नाही.

कप्तानने नजर वर केली.

"गोल?" त्याने ओठ न हलवता विचारले.

"नाही. बदली आलाय."

"कोण?"

"नवीन आहे. पहिल्यांदाच खेळतोय."

 पलीकडच्या गॅलऱ्यांतून मोघम, उपचारापुरते ओरडणे आले आणि ओसरले.

"कितवा?" कप्तानने विचारले.

"मी मोजत नाहीये," सातवा म्हणाला आणि टाळ्या वाजवत राहिला.

कप्तान वळला नाही. शब्द दिला होता, तो पाळायचा होता. पण यानंतर त्याची नजर सातव्याच्या चेहऱ्यावरून ढळली नाही, आणि दूर, त्याच्या स्वतःच्या पाठीमागे, त्या नव्या पोराच्या पायाला पहिल्यांदा चेंडू लागला तेव्हा तो क्षण कप्तानला तिथेच, त्या चेहऱ्यावर दिसला.