खालची रेघ

पाक कस्मुरींना, म्हणजे आमच्या कस्मुरीकाकांना, नीट दिसत नाही, हे कारखान्यात सगळ्यांत आधी मला कळलं होतं. सकाळी मातीच्या किटलीतला चहा त्यांनी पेल्याच्या शेजारी ओतला, आणि बाकावर ओल पसरली तरी ओततच राहिले. मी गुपचूप फडकं फिरवलं.

जावा बेटावरच्या तेगल शहराबाहेर आमचा लहानसा कारखाना. पंपाची बिडाची झाकणं करायचो. मी लेथवर, पाक कस्मुरी आणि तोइपा आकडे भरले की आपोआप कापणाऱ्या सीएनसी मिलिंग मशीनवर. ते मशीन जुनं. कटर कुठवर आला हे मशीनला कळवणारे त्याचे लिमिट स्विच कधीचेच जळाले होते, आणि मालक हाजी मुखलिस यांनी वायरी कापून टाकायला लावल्या होत्या. "कस्मुरी आहे की! स्विच कशाला हवेत?" असं ते म्हणायचे.

वीज गेली की आपण कुठे उभे होतो हे ते मशीन विसरायचं. मग पाक कस्मुरी बटणं टिपटिप दाबत टेबल सरकवायचे, कटरचं वरचं डोकं उचलायचे, मशीनच्या खांबावर ब्लेडने कोरलेल्या रेघेला डोक्यावरची रेघ जुळवायचे आणि शून्य दाबायचे. तेच मशीनचं होम. पुढची सगळी मापं तिथून. बारा वर्षांत केसाएवढी चूक नाही. खांबावर मात्र दोन रेघा होत्या. पहिली चुकून बोटभर खाली कोरली गेली होती. त्यांनी तिच्यावर फुली मारली होती, पण बारा वर्षांच्या तेलाने फुली बुजली होती.

त्या मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर वीज गेली आणि आली. पाक कस्मुरी खांबाला नाक लावून उभे राहिले.

"पाक, रेघेचा मुका घेताय की काय?" तोइपा ओरडली.

"घरी कोण घेऊ देतंय आता!" ते म्हणाले. सगळे हसले. मी सोडून.

त्यांनी शून्य दाबलं. तोइपाने झाकण व्हाइसच्या जबड्यात आवळलं, सुरूचं बटण दाबलं आणि नेहमीसारखी पाण्याची नळी धरून उभी राहिली. कटर झाकणाच्या वर थांबायला हवा होता. तो थांबलाच नाही, सरळ बिडात घुसला. झाकण व्हाइसमधून उखडलं आणि तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर चेचला गेला. लाल बटण मी दाबलं, पण उशिरा.

तिला गाडीत घातलं तेव्हा मालक म्हणाले, "व्हाइस नीट आवळला नसणार. बाईच्या हातात जोर तो किती!"

सगळे गेल्यावर पाक कस्मुरींनी मशीनचं डोकं पुन्हा शून्यावर नेलं. "जरा बघ रे, कुठल्या रेघेवर आहे?"

मी मोबाइलचा उजेड धरला. "खालच्या."

ते तिथेच, बिडाच्या चुऱ्यात, बसले.

तीन बोटं कापावी लागली. नवव्या दिवशी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. आम्ही काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "चूक माझीच हो, पाक. व्हाइस ढिला राहिला असेल."

"नाही गं पोरी. मी खालच्या रेघेवर होम केलं. मला दिसत नव्हतं."

"कधीपासून?"

"रमजानच्या आधीपासून."

ती बँडेजकडे बघत म्हणाली, "मला हाक मारायची होती ना, पाक. रेघ मी बघितली असती. शेजारीच तर होते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"उठा. दोघंही उठा."

मालकांनी पाक कस्मुरींना बजावलं, तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस. दुसऱ्याच दिवशी ते कामगार कचेरीत गेले. मी त्यांचा हात धरून नेलं. स्विचच्या कापलेल्या वायरी, डोळे, रेघ, सगळं त्यांनी सांगितलं. चहाचं मी सांगितलं. मशीनला सील लागलं. महिन्याभराने सील निघालं आणि मालकांनी मशीन तसंच, स्विचशिवाय, दुसऱ्या गावच्या कारखान्याला विकलं. आम्हां दोघांना दार बंद झालं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर येत नसते.

तोइपा आता सासूच्या टपरीवर शेंगदाणे विकते. परवा मी गेलो तर तिने मागून आलेल्यांना आधी दिलं. मग डाव्या हाताने माझी पुडी बांधली, दोरा दातांनी ओढला आणि खाली बघतच विचारलं, "मशिदीत त्यांना कोण नेतं?"

"मी नेतो."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.