गार्डसाहेबांची रेल्वे

गार्डसाहेब आयुष्यात कधी कुठल्या गाडीवर गार्ड नव्हते. टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून त्यांनी तीस वर्षं तिकिटं विकली. पण घरामागच्या बागेत छोटी रेल्वे सुरू झाली, त्यांनी गळ्यात शिट्टी अडकवली, हातात हिरवा झेंडा घेतला आणि तेव्हापासून हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. वहिनींनी सत्तावीस वर्षं वडिलांच्या दुकानात विजेच्या जळक्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. पंखे, पंप, शिलाई मशीन, जे येईल ते उघडायचं, काळी पडलेली तार उकलून काढायची, नवी तार वेढा वेढा मोजत भरायची. दुकान बंद झालं तेव्हा हात रिकामे राहेनात, म्हणून त्यांनी बागेत रूळ टाकायला घेतले.

रेल्वे वहिनींनी उभी केली होती. एवढं साधं वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. वहिनींनीसुद्धा नाही.

वर्षातून एकदा, रविवारी सकाळी, ओळखीतले हौशी लोक आपापली इंजिनं खोक्यांत घालून यायचे आणि बागेत गाड्या चालवायचे. त्या रविवारी वहिनी पाच वाजताच उठल्या. गुलाबाच्या मुळीने तळ्याजवळच्या वळणावर रूळ वर ढकलला होता. त्यांनी गुडघ्याखाली पोतं घेतलं, खालची खडी उकरली, पाणसळ ठेवून पातळी बघत रूळ पुन्हा बसवला. मग पॉलिश पेपर घेऊन सगळी लाइन घासत निघाल्या, कारण रुळावर दवाचा पापुद्रा राहिला तर इंजिनाला वीज पोचत नाही. बोगद्यात दोन गोगलगायी निघाल्या. त्यांना उचलून कुंपणापलीकडे ठेवलं. सगळ्यात शेवटी सांधे तपासले. जिथे एका रुळाचे दोन होतात, त्या सात जागा. प्रत्येक सांध्याखाली आगपेटीएवढी तारेची कॉइल, वहिनींनी हाताने भरलेली. बटण टिचकीसरशी दाबायचं, सांधा खटकन सरकतो. बटण दाबून धरलं तर कॉइल जळते. हे त्यांनी नवऱ्याला सात वर्षांत सातशे वेळा सांगितलं असेल.

गार्डसाहेब साडेआठला इस्त्रीच्या शर्टात बाहेर आले. काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"काय आहे ते?" वहिनींनी विचारलं.

"नऊ वाजता कळेल. सरप्राइज आहे," असं म्हणून त्यांनी डोळे मिचकावले. "आणि हे बघ, तू जरा हात धुऊन ये. मासिकाची बाई येणार आहे, फोटो काढणार आहे. नखांत काय ते काळं!"

वहिनींनी नखांकडे बघितलं. मग हात धुवायला गेल्या.

नऊला मंडळी जमली. दातांचे डॉक्टर आपलं नवंकोरं काळं इंजिन बाळासारखं छातीशी धरून आले. नणंद आली. तिला भावाचं भारी कौतुक. निवृत्त शाळामास्तर आपल्या इंजिनाचं खोकं घेऊन आले, आणि मासिकाची संपादक आली, तिशीतली, हातात वही, गळ्यात कॅमेरा. चहा झाला. मग गार्डसाहेबांनी शिट्टी फुंकली, सगळ्यांना छोट्या स्टेशनाजवळ बोलावलं आणि भिंतीवर नुकत्याच बसवलेल्या पाटीवरचं कापड ओढलं.

पाटी पितळेची होती. वर 'उद्यान रेल्वे', खाली 'संकल्पना, रचना व निर्मिती' आणि त्याखाली गार्डसाहेबांचं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट.

टाळ्या पडल्या. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा लहानपणापासून असाच हो, हातात कला आहे त्याच्या!"

वहिनींनी पाटी दोनदा वाचली. आधी वाटलं, खाली आणखी एक ओळ असेल. नव्हती. कानशिलं तापली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो इतका निरागसपणे खूश होता की त्यानेच वहिनींचा जास्त संताप झाला. चोराला निदान ठाऊक असतं, आपण काय उचललं ते. या माणसाला तेही ठाऊक नव्हतं.

"कशी सुचली ही कल्पना?" संपादक बाईंनी विचारलं.

"काय सांगू तुम्हाला," गार्डसाहेब रंगात आले. "एकदा बागेत बसलो होतो. मनात आलं, इथून गाडी गेली तर? मग काय, लागलो कामाला. हा पूल बघा, अकरा कमानी. तळ्याच्या खालून केबल नेलीय."

"एकट्याने?"

"तसं घरच्यांचं सहकार्य असतंच. ही रोपं बघते. तिला बागकामाची आवड आहे."

वहिनींना रोपांची काडीचीही आवड नव्हती. बुटकी झाडं त्यांनी लावली ती बोगद्याची माती पावसाने ढासळू नये म्हणून. त्या तोंड उघडणार तोच नणंद म्हणाली, "वहिनी, आणखी चहा होईल का गं?"

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. भांडं शेगडीवर आदळलं, कपाटाचं दार आदळलं, डबा आदळला. आपण काय म्हणायला हवं होतं, ते आता एकामागून एक सुचायला लागलं. सुरुवातीला गार्डसाहेब 'आम्ही केलं' म्हणायचे. तेव्हा त्यांना बरंसुद्धा वाटलं होतं. 'आम्ही'चं 'मी' कधी झालं? पूल झाला त्या वर्षी? की वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा? फोटोत त्या नव्हत्याच, बोगद्यात हात घालून घसरलेला डबा काढत होत्या. आणि आपण प्रत्येक वेळी गप्प बसलो. जाऊ दे म्हटलं. जाऊ दे, जाऊ दे करत आता पितळेत कोरून झालं!

बाहेर शिट्टी झाली. गाड्या सुटल्या. रुळांची बारीक खडखड खिडकीतून ऐकू यायला लागली. त्या आवाजावरून वहिनींना न बघता कळे, गाडी कुठे आहे ते. पुलावर पोकळ, बोगद्यात घोगरा, वळणावर चिरका.

मग वास आला.

तो वास ओळखायला त्यांना एक क्षण लागला नाही. सत्तावीस वर्षं नाकात बसलेला वास. तारेवरचं वार्निश जळत होतं. पाठोपाठ धातूवर धातू आपटल्याचा आवाज, आणि डॉक्टरांची हाक, "अरे, अरे, अरे!"

वहिनी बाहेर आल्या. स्टेशनाजवळच्या सांध्यातून निळसर धूर निघत होता. गार्डसाहेब बटणांच्या पेटीजवळ उभे होते आणि त्यांचा अंगठा अजून बटणावर होता. संपादक बाईंना फोटो नीट मिळावा म्हणून त्यांनी तो तसाच दाबून ठेवला होता. सांधा अर्ध्यात अडकलेला, गार्डसाहेबांची मालगाडी भलत्या रुळावर जाऊन डॉक्टरांच्या नव्या इंजिनावर आदळलेली. इंजिन तळ्याच्या काठाशी आडवं पडलं होतं, त्याची चाकं हवेत फिरत होती.

"अंगठा काढा!" वहिनी ओरडल्या.

गार्डसाहेबांनी दचकून हात मागे घेतला. मग सावरले, पाहुण्यांकडे बघून हसले. "अगं, बरं झालं आलीस. तुझं ते वायरिंग बिघडलंय बघ. जरा बघतेस का?"

तुझं वायरिंग.

"माझं?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे... तू बसवलंस ना ते."

"मी बसवलं? पाटीवर तर तुमचं नाव आहे. चाललं की तुमचं आणि जळलं की माझं, असं आहे होय?"

"वहिनी, अगं पाहुणे आहेत," नणंद दबक्या आवाजात म्हणाली.

"आहेत, म्हणूनच बोलतेय. घरात बोलले असते तर भिंतींनी ऐकलं असतं." वहिनी नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढलेलाच होता. "निर्मिती तुमची ना? मग सांगा यांना. त्या कॉइलमध्ये किती वेढे आहेत?"

गार्डसाहेब हसले. "आता असं कोण मोजत..."

"मी मोजते. सोपं विचारते. तळ्याखालची केबल कुठून बाहेर निघते?"

ते तळ्याकडे बघत राहिले.

"पुलाच्या कमानी कशाच्या आहेत?"

"लाकडाच्या," ते म्हणाले.

"सिमेंटच्या आहेत. लाकडाच्या पहिल्या वर्षी केल्या होत्या, त्या कुजल्या. मी पुन्हा ओतल्या, एकेक करून, न्हाणीघरात. तुम्ही तेव्हा मला विचारलं होतंत, आंघोळीला वाट कधी मोकळी होणार म्हणून."

शाळामास्तर खाली आपल्या बुटांकडे बघायला लागले. संपादक बाईंचं पेन वहीवर थांबलं होतं.

वहिनींनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, स्टेशनाच्या भिंतीपाशी गेल्या आणि पाटीचे चारही स्क्रू एकेक करून काढले. कुणी अडवलं नाही. पाटी त्यांनी चहाच्या ट्रेशेजारी पालथी ठेवली. मग तळ्याकाठी बसल्या आणि डॉक्टरांचं इंजिन उचललं.

"पुढचा दांडा वाकलाय. बाकी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "माफ करा डॉक्टर. माझ्या लाइनवर झालं."

"तुमच्या लाइनवर," डॉक्टर म्हणाले, आणि ते मुद्दाम म्हणाले हे सगळ्यांना कळलं.

"ही काय पद्धत झाली?" गार्डसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. "चारचौघांत पाणउतारा करतेस?"

"चारचौघांत पाटी लावलीत, तर चारचौघांतच उतरणार."

ते पाय आपटत घरात गेले. नणंद त्यांच्यामागे गेली आणि जाताना म्हणाली, "एवढ्याशा नावासाठी!" वहिनींनी ऐकलं. उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर पुन्हा ओरडल्या असत्या आणि त्यांना गाड्या चालवायच्या होत्या. माणसं लांबून इंजिनं घेऊन आली होती. त्यांनी जळक्या सांध्याची तार तोडली, सांधा हाताने सरकवून खडा लावून पक्का केला आणि वेळापत्रक बदललं. दुपारपर्यंत बाहेरच्या लाइनवरून गाड्या फिरल्या. वहिनी पेटीपाशी उभ्या राहून बटणं टिचकावत होत्या. मजा येत नव्हती. हात नीट चालत होते, पण जबडा आवळलेला तो सुटेना.

निघताना संपादक बाई जवळ आल्या. "काकू, मी काय लिहू?"

"त्यांनी सांगितलं ते लिहा. मग मी विचारलं ते लिहा. आणि त्यांनी काय उत्तरं दिली, तेही."

सगळे गेले. नणंदही निरोप न घेता गेली. वहिनी घरात आल्या तर गार्डसाहेब टेबलाशी बसले होते, शिट्टी अजून गळ्यात.

"झालं समाधान?" ते म्हणाले.

"नाही."

"मग आता काय करू? पाटी फेकून देऊ? नवी करून त्यावर तुझं नाव घालू?"

"पाटीचं नाव काढू नका." वहिनींनी फोन उचलून त्यांच्यासमोर ठेवला. "जे आले होते त्यांना एकेक करून सांगा. तुमच्या तोंडाने."

"सगळ्यांनी ऐकलंय की!"

"माझ्या तोंडून ऐकलंय. उद्या म्हणतील, बाई चिडली होती."

वहिनी समोरच्या खुर्चीवर बसल्या, हाताची घडी घालून. शेवटी गार्डसाहेबांनी डॉक्टरांना फोन लावला. हवापाण्याचं बोलले, इंजिनाची चौकशी केली. मग म्हणाले, "आणि काय आहे, ती रेल्वे तशी आम्ही दोघांनी मिळून..."

वहिनींनी बोट वर केलं.

गार्डसाहेब थांबले. "म्हणजे, तिने केली. रूळ, पूल, वायरिंग, सगळं. मी..." इथे त्यांना काही सुचेना.

"डबे तुम्ही रंगवले," वहिनी हळूच पण कडक आवाजात म्हणाल्या. "स्टेशनाची दारं-खिडक्या पण. ते सांगा. खोटं मला तुमच्याविषयीही नको."

"मी डबे रंगवले," ते फोनमध्ये म्हणाले.

शाळामास्तरांशी बोलणं लवकर आटोपलं. संपादक बाईंशी बोलताना ते दोनदा अडखळले. बहिणीला फोन लावायला मात्र त्यांनी पाणी पिऊन घेतलं. तिकडून तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, "तिने तुला बोलायला लावलं ना दादा, खरं सांग." गार्डसाहेबांनी डोळे मिटले. "हो गं. लावलं हे खरं आहे. पण जे बोलतोय तेही खरं आहे. मला एकही सांधा बसवता येत नाही."

फोन ठेवून ते कपाळ पुसत म्हणाले, "झाले चौघे."

वहिनींना त्यांची कीव आली, अगदी थोडी. ती आली म्हणून स्वतःचाच राग आला. त्या उठल्या, फडताळातली जुनी वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. दरवर्षी येणाऱ्या पाहुण्यांच्या सह्या आणि फोन नंबर त्यात होते.

"हे आजचे झाले," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी अकरा जण आले होते."

गार्डसाहेबांनी चष्मा शोधला आणि वहीचं पान उघडलं.