खोलायचा वर्ग

दिगंबर रेग्यांनी नकाशात मांडलं ते सगळं खरं ठरलं, आणि तिथंच घात झाला.

फाळणीनंतर कलकत्त्यात निर्वासितांच्या शाळा झाडाखाली भरत होत्या. बांधकाम खात्यात बदलून आलेल्या या पुणेकर इंजिनियरनं सालवृक्षाच्या लाकडाचा सुटा वर्ग तयार केला. भिंती, छप्पर, खिडक्या कारखान्यातच कापायच्या आणि जागेवर बोल्टांनी जोडायच्या. लाकूड वाया जायचं नाही, वर कापलेल्या झाडांच्या जागी नवी लावायची. वर्ग दिवसात उभा राही आणि अर्ध्या दिवसात सुटा होई. खात्याचे साहेब श्यामसुंदरबाबू यांना तेवढं शेवटचंच आवडलं.

खिदिरपुरात वर्ग उभा राहिला. फीत कापली, फोटो निघाले, जांभळाचं रोप लावलं. दुसऱ्या दिवशी सगळं उतरवून दमदमला नेलं, तिथून टॉलीगंजला. पाहुणे नवे, फीत नवी, वर्ग तोच. रोपही तेच. कुंडीतून खड्ड्यात आणि खड्ड्यातून कुंडीत जाता जाता त्या बिचाऱ्याला मूळ धरायला सवड मिळेना. खात्याच्या हिशेबी शहरात वर्गच वर्ग झाले होते, पण बाकावर अजून एकही पोर टेकलं नव्हतं.

घरी पत्नी मंदाकिनीबाई गप्प होत्या, आणि त्या गप्प असल्या की रेग्यांना घास उतरत नसे. बाई जन्मानं कलकत्त्याच्या, त्यांचं बंगाली अस्सल. बेहाला भागातल्या शाळेत निर्वासित मुलींना शिकवत. पहिला वर्ग तुझ्या शाळेला, असा शब्द रेग्यांनी दिला होता.

"आमच्या मुलींनी तुमचा वर्ग पेपरात पाहिला हं," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. रेग्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी वरात बेहालाला, बाईंच्या शाळेत आली. फीत कापून झाली, रोप परत कुंडीत गेलं, तेव्हा रेगे पलीकडे लॉरी ठरवत होते. साहेबांनी मोटारीत बसता बसता मंदाकिनीबाईंच्या हाती वर्गाची किल्ली दिली आणि बंगालीत सांगितलं, "काल सकाले घरटा खुले देबेन."

उद्या सकाळी खोली सुटी करून द्या, असं त्यांना म्हणायचं होतं. पण बंगालीत त्याचाच दुसरा अर्थ होतो, उघडून द्या.

सकाळी रेगे लॉरी आणि बोल्ट सोडवायचे पाने घेऊन पोचले, तर दार सताड उघडं. बाकांवर मुली, जमिनीवर मुली, आणि पाढ्यांचा गजर चाललेला. रेग्यांनी पाने खाली ठेवले. मागोमाग साहेब आले आणि दारातच थबकले.

"हे काय चाललंय?"

"आपणच खुले देबेन म्हणालात," मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "मी खुला केला."

"अहो, मी सुटा करायला सांगितलं होतं. आज संध्याकाळी दुसरीकडे पाहुणे यायचेत. रेगेबाबू, तुम्हीच सांगा यांना अर्थ."

रेग्यांचं बंगाली म्हणजे खात्याच्या चहाबरोबरचं फरसाण. त्याला सगळ्यात मोठ्यानं हसत ते साहेबच. नोकरी साहेबांच्या हातात होती. रेग्यांनी आत पाहिलं. एका मुलीनं नव्या बाकावरून हात फिरवून तो हुंगला.

"साहेब, माझं बंगाली कच्चं, हे आपणच सांगता," ते म्हणाले. "बाई सांगतील तोच अर्थ धरावा लागेल."

मग त्यांनी लॉरीतलं रोप काढून कालच्याच खड्ड्यात लावलं आणि रिकामी कुंडी लॉरीच्या चाकावर आपटून फोडली.

"अहो," खिडकीतून मंदाकिनीबाईंचा आवाज आला, "आता त्याला पाणीही घाला."