टाळ्यांचं वाक्य

निवडणुकीला उभा राहिलेला मुलगा बाहेरच्या खोलीत आरशासमोर भाषण घोकत होता. “पक्षाचा हा सडलेला अवयव कापून टाकलाच पाहिजे!” या वाक्यावर तो दर वेळी हात सपकन खाली आणायचा.

आतल्या खोलीत वडील पलंगावर पडून ऐकत होते. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायाचं बोट काळं पडलं होतं. ते काढलं नाही तर विष वर चढेल, असं डॉक्टर बजावून गेले होते. वडील हो म्हणालेही होते, पण हे भाषण कानावर पडल्यापासून त्यांनी नन्नाचा पाढा लावला होता.

आई तरातरा बाहेर आली. “अहो पुढारी, ते वाक्य काढा.”

“आई, ती नुसती उपमा आहे. मी बंडखोरांबद्दल बोलतोय.”

“उपमा तुझी, बोट माझ्या नवऱ्याचं! त्यापेक्षा तण उपटा म्हण.”

“तणाला टाळ्या पडत नाहीत गं.”

“मग बस टाळ्या खात. बाप गेला की आणखी पडतील.”

मुलाचा चेहरा उतरला. तो आत जाऊन पलंगाच्या कडेला टेकला. “बाबा, ते वाक्य खोडलं मी.”

भिंतीकडे तोंड करून पडलेले वडील त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, “डॉक्टरांना बोलाव. पण सडलेलं म्हणू नका म्हणावं. जन्मभर माझ्याबरोबर चाललंय ते.”

“मी सांगते,” आई म्हणाली, आणि मुलाच्या हातातला फोन तिने ओढूनच घेतला.