पांढरी बारव

गाडी थांबली की बाळ जागं व्हायचं, आणि गाडी थांबवल्याशिवाय जागा दाखवता यायची नाही. सकाळपासून मंजुश्रीचा जीव या दोहोंत टांगलेला होता. मांडीवर सात महिन्यांचा श्रीशैल, खांद्याला दुपट्यांची पिशवी, हातात मोबाइल, आणि पुढच्या सीटवर हैदराबादहून आलेला वीरेश. सिनेमासाठी जागा हुडकत गावोगाव फिरणं हा त्याचा धंदा. बिदरचा किल्ला झाला, अष्टूरचे घुमट झाले, जलसंगवीच्या देवळातल्या दगडी बायका झाल्या. वीरेश उतरायचा, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तीतून बघायचा आणि गाडीत बसता बसता कानडीत तेच म्हणायचा, की झकास आहे अक्का, पण हे सगळ्यांनी बघितलंय. डायरेक्टर मॅडमना न बघितलेलं पाहिजे.

तसलं एक मंजुश्रीजवळ होतं. ते तिनं शेवटाला राखून ठेवलं होतं.

कोहिनूरच्या पलीकडं माळावर तिच्या मामाची वस्ती. माणसं मूळची मेंढरांमागं फिरणारी, आता तूर-सोयाबीन पेरणारी. वस्तीच्या खालच्या अंगाला जुनी बारव, पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत जाता येईल अशी काळ्या दगडाची रुंद विहीर. कमानी, कोनाडे, दगडावर शेवाळ, आणि ऊन वर आलं की पाण्याचा हिरवा उजेड कमानीच्या पोटाला हलत राहायचा. कॉलेजात असताना तिथला एक फोटो तिनं काढला होता. तोच आता मॅडमपर्यंत गेला होता आणि मॅडम उद्या स्वतः बघायला यायच्या होत्या. बारव पसंत पडली तर बिदर-कलबुर्गी दोन्ही जिल्ह्यांतल्या शूटिंगचं इथलं सगळं काम, जागा, परवानग्या, माणसं, मंजुश्रीकडं येणार होतं. नाही पडली तर हे लोक सामान उचलून तेलंगणात जाणार होते.

लग्नाआधी असलं काम तिनं एका मालिकेसाठी केलं होतं. मग भालकीचा संसार, मग कलबुर्गीच्या दवाखान्यात टाके घालून झालेलं बाळंतपण, मग चार भिंती. लेकराच्या टाळूचा वास घेतला की तिला जग नको व्हायचं, हे खरं. पण त्याला पाळण्यात टाकून दोरी ओढता ओढता ती खिडकीच्या चौकटीत समोरचा रस्ता बसवून बघायची, हेही खरं. हात पाळण्याला, नजर दाराला. नवरा बालाजी साखर कारखान्यात होता. तो नको म्हणाला नव्हता. एकदा करून बघ, एवढंच म्हणाला होता, आणि ते ‘एकदा’ तिच्या कानाशी माशीसारखं घोंघावत होतं.

मामीला, नागूबाईला, तिनं परवाच फोन करून ठेवला होता. बाळाला घेऊन बारवेवर यायलेय, संगं पाव्हणी माणसं हायती, एवढंच सांगितलं, कारण तेवढ्यात बाळ रडलं. मामीचा आवाज एकदम भरून आला होता. मंजुश्रीला वाटलं, भाची भेटणार म्हणून असेल.

माळ उतरताना वीरेश पुढं सरकून बसला. वळण सुटलं आणि बारव दिसली.

काळी बारव पांढरीफेक झाली होती. वरच्या कठड्यापासून पाण्याच्या काठापर्यंत चुना, चुन्यावर गेरूचे पट्टे, कमानीला आंब्याची तोरणं. पायऱ्यांवर वस्तीतल्या बायका नवी लुगडी नेसून बसलेल्या, मधोमध घुगऱ्यांचं पातेलं. वीरेशची बोटं चौकट करायला वर गेली आणि अर्ध्यातूनच खाली आली.

पुढचं सगळं लग्नघरासारखं झालं. मामीनं बाळ हिसकावून घेतलं, मीठ-मिरची ओवाळून टाकली. लिंगाप्पामामांनी वीरेशला हाताला धरून चादरीवर बसवलं, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि भालकीकडचे तुम्ही कोण लागता म्हणून विचारलं. वीरेश काळा चष्मा हातात धरून बसला. त्याला मराठी जेमतेम कळायची, पण टोपी मानानं घातलीय हे कळलं, म्हणून ती काढावी की राहू द्यावी ते त्याला उमगेना.

मंजुश्रीनं मामीला बाजूला घेतलं. चुना कामून लावला म्हणाली, आणि आपला आवाज चढलाय हे तिचं तिलाच ऐकू आलं.

मामीला प्रश्नच कळला नाही. या वस्तीत पहिलटकरीण लेकरू घेऊन बारवेवर येते ती एकाच कामासाठी. सव्वा महिना झाला की तिनं बारव पुजायची, आपल्या हातानं पहिली घागर भरायची. तोवर तिनं हे पाणी शिवायचं नाही, आणि तिच्यासाठी बारव चुन्यानं सारवायची. मंजुश्रीचं ते दवाखान्याच्या आणि सासरच्या गडबडीत राहून गेलं होतं. मामीच्या मनात ते तेव्हापासून सलत होतं. बाळाला घेऊन बारवेवर यायलेय म्हणाल्यावर दुसरं काय असणार? संगतीची माणसं म्हणजे सासरचीच. बायकांनी दोन दिवस कंबर मोडून सारवलं होतं.

मंजुश्री कठड्याशी गेली, परत आली, पुन्हा गेली. वीरेशनं तिला गाठून हळूच सांगितलं, की मॅडमना फोटोतली बारव पाहिजे, अशी दाखवून चालणार नाही. सकाळपर्यंत चुना निघत असेल तर ठीक, नाहीतर त्यांना आत्ताच फोन करून तिकडून परस्पर तेलंगणात पाठवावं लागेल. टोपी अजून त्याच्या डोक्यावर होती, त्यामुळं त्याच्यावर चिडताही येईना.

खाली मामीच्या कडेवर बाळ भुकेनं रडायला लागलं आणि मंजुश्रीची छाती भरून आली. ती पायऱ्या उतरली. पदराआड घेऊन पाजताना तिला समोरच्या बायकांचे हात दिसत होते, चुन्यानं भेगाळलेले, बोटांच्या पेरांत अजून पांढरे. याच हातांना ती काय सांगणार होती?

बाळ सुस्तावलं. मामीनं घागर पुढं केली. मंजुश्रीनं ती घेतली नाही.

“मामी, ही बारव उद्या काळी पायजे मला.”

मग तिनं सगळं सांगितलं. सिनेमा, मॅडम, फोटो, काम. मामीनं घागर पायरीवर टेकवली.

“म्हंजे तू लेकरासाठी आली न्हाईस.”

“दोन्हीसाठी आले.” पूजा तिच्या ध्यानीमनीही नव्हती, म्हणजे खरं तर हे खोटं होतं, पण बोलता बोलता ते खरं झालं. “मला दोन्ही पायजे, मामी. एक सोडलं की दुसरं गोड लागत न्हाई.”

मग मामीनं घागर तिच्या हातात कोंबली.

“आधी भर. घागर भरली की चुन्याचं काम सरलं. लगीन झाल्यावर मांडव काय वरीसभर ठेवतेत व्हय?” आणि वळून बायकांना म्हणाली, “उठा गं. काथ्या आणा, खराटे आणा. हिचं बाळंतपण अजून सरलं न्हाई.”

बायका हसल्या. एकीनं सिनेमात आपल्याला घेतील का ते विचारून घेतलं. मंजुश्रीनं हळदकुंकू वाहिलं, घागर बुडवली. पाणी इतकं गार होतं की तिच्या अंगावर शहारा आला, आणि तरी तिचं अर्धं लक्ष वर, उतरत्या उन्हाकडं होतं.

दिवस बुडेपर्यंत आणि पुन्हा तांबडं फुटल्यापासून सगळी वस्ती बारव घासत होती. ओला चुना भराभर निघत होता. वीरेशही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला, आहेराचा टॉवेल डोक्याला बांधून. फक्त म्हाळसादेवीचा कोनाडा मामीनं घासू दिला नाही. तिथला चुना कधीच काढत न्हाईत, म्हणाली. मंजुश्रीनं जवळ जाऊन पाहिलं. कोनाड्याची कड एके ठिकाणी खपली धरून निघाली होती आणि आत चुन्यावर चुना होता, थरावर थर. तिच्या आजीचा थर इथं, मामीचा इथं, वस्तीतल्या साऱ्या बायांचा इथं. ही बारव कितीदा पांढरी होऊन पुन्हा काळी झाली होती. मंजुश्रीनं फोटो काढला तो काळ्या दिवसांतला, एवढंच.

मॅडम आल्या तेव्हा दगड अजून ओले होते. त्या एकट्याच उतरल्या, तळाच्या पायरीवर बसल्या, बराच वेळ वर आल्या नाहीत. वर येऊन दखनी हिंदीत म्हणाल्या, की हेच पाहिजे होतं. तेवढा तो एक पांढरा कोनाडा मात्र रंगवून काळा करून घ्यायचा.

वीरेशनं मंजुश्रीकडं बघितलं. मामीला भाषा कळली होती. तिनं बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“तो तसाच राहील, मॅडम,” मंजुश्री म्हणाली. “कॅमेरा तिकडं वळवू नका.”

मॅडमनी तिला नीट न्याहाळलं. मग बोटांची चौकट केली, डोळ्याला लावली आणि एक पाऊल डावीकडं सरकल्या. आणखी अर्धं सरकल्या.

“इथून चालेल?”

मंजुश्री त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली, मान वाकवून तिनं चौकटीतून बघितलं. कमान, पायऱ्या, हलणारा हिरवा उजेड. कोनाडा नव्हता.

“चालेल,” ती म्हणाली.

वीरेश लगेच विचारायला लागला, चिंचोळीच्या जंगलाकडं धबधबा आहे म्हणतात, तो आज बघून होईल का. मंजुश्रीनं बाळाकडं हात पसरले. ते मामीच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं, आणि मामी काही त्याला सोडायला तयार नव्हती.