अणुबाबांची सुई

"दारात कोण दिसतंय त्यावर जाऊ नकोस पोरी, आधी नाव विचार." लहानपणी मला घरी एकटीला ठेवून कामाला जाताना आत्या बजावायची. तो आवाज अजून कानात आहे.

तीच आत्या आज भर उकाड्यात गळ्याला शाल गुंडाळून अणुबाबांच्या सभेत पहिल्या रांगेत बसली होती. गळ्यातल्या गाठीची तपासणी ती केव्हाची टाळत होती. "बाबांच्या पाण्यानं विरघळली गं," एवढंच म्हणायची. शेजारी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मंचावर काचपट्टी, पट्टीवर पाण्याचा थेंब, थेंबावर सुई. मागच्या पडद्यावर, सुईला दिसतात म्हणे ते, सोनेरी गोळे रांगेत लुकलुकत होते. ढोल घुमत होता.

"बघा! एकेक सुवर्णअणू!" अणुबाबा गरजले. "हा आजाराच्या कानात मंत्र फुंकतो, आणि आजार बोऱ्याबिस्तर गुंडाळतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोळ्यांची रांग जराही ढळली नाही.

मी प्रयोगशाळेत अणूच पाहते. आमची सुई हवा काढलेल्या, गोठवणाऱ्या पेटीत अणूला न शिवता सरकते. शेजारी कुणी दार आपटलं तरी चित्र विस्कटतं. आणि इथं ढोल?

"आत्या," मी कुजबुजले, "सुईला नुसता उंचवटा कळतो. तो सोन्याचा की लोखंडाचा, हे क्ष-किरण टाकून विचारावं लागतं. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक किरणालाच ओ देतं. इथं नाव विचारलं कुणी?"

आत्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग उठलीच.

"बाबा, हे सोनंच कशावरून?"

"माई, श्रद्धेला पुरावा लागत नाही!"

लोक हसले. आत्या हसली नाही. मंचावर चढून तिनं सुईखालची काचपट्टीच उचलली. पडद्यावर गोळे आपले लुकलुकतच होते!

ढोल थांबला. मीही मंचावर जाऊन पडदा सारला. मागे लॅपटॉपवर चित्रफीत फिरत होती. सुईची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

"ऊर्जा... ऊर्जा मागे उरते," बाबा चाचरले.

"मग पाणी कशाला देता? पडदाच चाटतो की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"एकटा अणू ओळखता येतो, हे खरं," मी म्हणाले. "पण तो ओळखणारे आपलं यंत्र उघडून दाखवतात, चूक काढा म्हणतात. जो तपासू देत नाही, त्याच्या हाती जीव देऊ नका."

आत्या काचपट्टी हातात धरून तशीच उभी होती. ती खाली ठेवून तिनं सावकाश शाल सोडली.

"विरघळली नाही गं. वाढलीय. घाससुद्धा उतरत नाही. तिचं नाव कळेल, या भीतीनं बोलले नाही... चल, दवाखान्यात नेतेस?"