धरून ठेवणारी खिटी

मी एक जुनी खिटी आहे. दाराची नव्हे, कपाटाचीही नव्हे. नेमबाजीच्या एका रायफलीची. मित्रांनो, तुम्ही चित्रात रायफल पाहिली असेल, तिचा चापही पाहिला असेल, पण मला पाहिले नसेल. मी करंगळीच्या नखाएवढी आहे आणि चापाच्या वर, पोलादी घरात, अंधारात बसत असे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साध्या पोलादाच्या पट्टीतून मला कापले, कानशीने घासले आणि कोळशाच्या भुकटीत पुरून भट्टीत ठेवले. तापता तापता कोळशातला कार्बन माझ्या अंगात शिरला, पण वरवरच. मग मला तेलात बुडवले. त्या बुडीनंतर माझी कातडी काचेसारखी कठीण झाली आणि आतला गाभा मऊच राहिला. गाभा मऊ म्हणून मी धक्क्याने तुटत नाही. कातडी कठीण म्हणून झिजत नाही. पण ही कातडी फार पातळ असते. खाली असलेला मऊपणा वरून दिसत नाही.

तपासणीच्या बाईंनी मला भिंगाखाली धरले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हिची कड बघ. माझ्या भाजीच्या सुरीला अशी असती तर!"

"तर बोटं राहिली नसती तुझी," शेजारीण म्हणाली. दोघी हसल्या. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

रायफलीत माझे काम एकच होते, धरून ठेवण्याचे. नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याला बोल्ट म्हणतात. त्यात एक पोलादी सुई असते आणि तिच्या मागे स्प्रिंग. बोल्ट बंद केला की स्प्रिंग दाबली जाते आणि सुई पुढे झेपावायला बघते. तिच्या वाटेत मी उभी असते. माझ्या कडेवर ती अडते. नेमबाजाने चाप ओढला की मी खाली सरकते. सुई सुटते, काडतुसाच्या बुडाची कड ठेचते, त्या कडेत भरलेला मसाला पेट घेतो, त्याने दारू पेटते आणि गोळी निघते. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते. लोक म्हणतात, गोळी चापाने सुटते. खरे तर ती मी सोडते तेव्हा सुटते.

आमची रायफल एका नेमबाजी क्लबात आली. लांबलचक पत्र्याची शेड, जमिनीवर चटया, समोर मातीचा उंच बांध आणि त्यापुढे कागदी लक्ष्ये. तिथल्या सगळ्या रायफली एकच मिस्त्री सांभाळत. त्यांची एक शिस्त होती. रोज सकाळी रिकामी रायफल ताणायची, म्हणजे बोल्ट बंद करून सुई खिटीवर अडकवायची, आणि तिचा दस्ता रबराच्या पट्टीवर आपटायचा. आतून टक् असा आवाज आला तर समजायचे, खिटी घसरली. ती रायफल त्या दिवशी कोणाला द्यायची नाही. याला ते ठोका म्हणत. माझ्याकडून असा आवाज कधी आला नाही.

"ही खिटी माझ्या सासूबाईंसारखी," मिस्त्री म्हणत. "एकदा धरलं की सोडणं नाही."

मिस्त्रींची लेक आमच्याच रायफलीने सराव करू लागली. हात स्थिर, श्वास शांत. राज्याच्या संघात जायचे, एवढेच तिच्या मनात होते. वयाच्या अटीमुळे ते वर्ष तिचे शेवटचे होते. अडचण एकच होती. चाप जड होता. ओढताना शेवटच्या क्षणी नेम किंचित उजवीकडे जाई.

"बाबा, ही रायफल आहे की हातपंप? किती ओढायचं?"

"खिटीला हात लावायचा नसतो, बाळ."

"हात नका लावू. नुसता दगड फिरवा."

मिस्त्री हसले आणि तिथेच हरले. त्यांनी मला बाहेर काढले, तेलाच्या बारीक दगडावर हलकेच घासले आणि परत बसवले. चाप हलका झाला. लेकीच्या गोळ्या मधल्या वर्तुळात पडू लागल्या. बापाचा चेहरा असा काही फुलला की मलाही बरे वाटले. काही आठवड्यांनी ती म्हणाली, "अजून इतकुसा, बाबा." त्यांनी पुन्हा घासले. निवड स्पर्धा जवळ आली तेव्हा आणखी एकदा.

या वेळी काहीतरी निराळे झाले. एरवी दगड माझ्यावरून काचेवरून फिरावा तसा सरकत असे. आता तो चावू लागला. माझी कठीण कातडी संपली होती आणि मऊ गाभा उघडा पडला होता. मिस्त्रींच्या बोटांना ते कळले असावे, कारण हात क्षणभर थांबला. पण लेक बूट घालून दारात उभी होती. त्यांनी मला पुसले आणि परत बसवले.

मऊ कड झिजायला वेळ लागत नाही. कधी सुई माझ्यावर नीट बसे, कधी नुसती टेके. हे मी कोणाला सांगणार?

निवडीच्या सकाळी मिस्त्रींनी रायफल ठोक्यासाठी उचलली, आणि परत ठेवली. "नेम काल बसवलाय," ते लेकीला म्हणाले. "आपटलं तर हलेल. आज राहू दे."

स्पर्धा आमच्याच शेडमध्ये होती. पंचांनी काडतूस भरण्याचा हुकूम दिला. लेकीने काडतूस भरले आणि बोल्ट बंद केला. तिचे बोट चापापासून दूर, सरळ ठेवलेले होते. सुई माझ्या कडेवर टेकली. होते नव्हते ते सगळे बळ मी लावले. माझी कड दुमडली आणि सुई निसटली.

गोळी मातीच्या बांधात गेली. कोणाला इजा झाली नाही. पण गोळ्या झाडायला सुरुवात करण्याचा हुकूम अजून व्हायचा होता, आणि नियमाप्रमाणे ती बाद झाली.

"माझं बोट चापावर नव्हतं," ती म्हणाली.

"सगळे हेच म्हणतात, पोरी," पंच म्हणाले. तरी ते न्यायी होते. त्यांनी रिकामी रायफल पुन्हा पुन्हा ताणली, दस्ता आपटला, बोल्ट जोरात मिटला. मित्रांनो, तेव्हा मला एकदाच सुटायचे होते. एक टक् आवाज झाला असता तर ती वाचली असती. पण प्रत्येक वेळी सुई माझ्यावर नीट बसली आणि मी तिला घट्ट धरले. धरायचे होते तेव्हा धरता आले नाही, सोडायचे होते तेव्हा सोडता आले नाही.

"मिस्त्री," पंचांनी विचारले, "आत कुठे हात लावलाय का?"

शेडमधल्या सगळ्या रायफली त्याच हातांतून गेलेल्या होत्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मिस्त्रींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. लेकीने त्यांच्याकडे पाहिले. मग ती पंचांना म्हणाली, "माझंच बोट लागलं असेल."

घरी गेल्यावर मिस्त्रींनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढले आणि भिंगातून पाहिले. गोल झालेली कड, करडा मऊ डाग.

"ये, बघ," ते म्हणाले.

"काय बघायचंय? बोट नव्हतं हे मला माहीत आहे."

"मग तसं का म्हणालीस?"

"तुम्ही गप्प होतात म्हणून."

त्यानंतर तिने रायफल हातात घेतली नाही. रायफलीत नवी खिटी बसली. तिचा चाप जड आहे आणि तो कोणी हलका करत नाही.

मी आता एका काचेच्या बशीत असते. नवी मुले शिकायला आली की मिस्त्री मला भिंगाखाली ठेवतात. कठीण कातडी कुठे संपली, मऊ गाभा कुठून सुरू झाला, ते दाखवतात. "एका मिस्त्रीने ही घासली. मग निवडीत एका ताईची गोळी हुकमाआधीच सुटली आणि ती बाद झाली," असे ते म्हणतात. कोणत्या मिस्त्रीने, ते सांगत नाहीत.

परवा एका मुलीने भिंगातून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "म्हणजे काका, त्या ताईचं बोट चापावर नव्हतंच?"

मिस्त्रींनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "नव्हतं."

ऐकायला त्यांची लेक तिथे नव्हती. ती दूरच्या गावी नोकरी करते आणि क्वचित फोन करते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्याही घरात आहेत. जिन्याच्या कठड्याचा खिळा, सायकलचा ब्रेक, गॅसच्या नळीचा पट्टा. त्यांचे काम धरून ठेवण्याचे असते, म्हणून त्या दिसत नाहीत आणि आठवतही नाहीत. त्यांना सोयीसाठी सैल करू नका. त्यांची तपासणी ज्या दिवशी नकोशी वाटेल, त्या दिवशी ती नक्की करा. आणि एखादी मुलगी म्हणाली की माझे बोट तिथे नव्हते, तर तिच्या तोंडाकडे पाहण्याआधी यंत्र उघडून पाहा. आत काय झाले ते खिटीला सांगता येत नाही. ज्यांना सांगता येते, त्यांनी वेळेवर सांगावे.